नोव्हाला स्टोनलीच्या शोपर्यंत नेताना

नोव्हा या गाडीला दरवाजेच नाहीत. अख्खं छत पुढच्या काचेसकट बिजागरावर पुढे वर उचललं जातं आणि मग कडेवरून पाय टाकून आत उतरायचं, जवळजवळ आडवं पडायचं म्हणा ना. 1971 साली इंग्लंडमध्ये रिचर्ड ओक्सने डिझाइन केलेली ही किट कार, म्हणजे सुटे भाग घेऊन घरी जोडायची गाडी. खाली फोक्सवॅगन बीटलचा फ्लोअरपॅन (गाडीचा तळाचा सांगाडा), मागे बीटलचंच इंजिन, वर फायबरची बॉडी. अमेरिकेत हीच स्टर्लिंग म्हणून विकली गेली, ऑस्ट्रेलियात पर्व्हिस युरेका म्हणून. त्या काळी किट घेऊन घरी गाडी बांधली की परचेस टॅक्स वाचायचा, 1973 ला व्हॅट आला आणि ते संपलं.

मी मूळचा कोल्हापूरचा, बाबांचं शिवाजी उद्यमनगरात वर्कशॉप, आता इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. नोव्हा पहिल्यांदा पाहिली तेव्हापासून डोक्यातून गेली नाही. शेवटी एक मिळाली, बरीच वर्षं शेडमध्ये उभी, उंदरांनी वायरिंग कुरतडलेलं.

गाडी घेण्याआधी मी सगळ्यात जास्त वेळ लॉगबुकवर (गाडीच्या नोंदणीच्या कागदावर) घातला आणि कोणी किट कार घेत असेल तर त्यानेही तेच करावं असं मला मनापासून वाटतं. तेव्हा इथे डीव्हीएलएची, म्हणजे गाड्यांची नोंदणी करणाऱ्या सरकारी खात्याची, पॉइंट सिस्टीम होती, मूळ गाडीचे जे भाग राखले त्याचे पॉइंट. मूळ नंबर टिकवायचा तर निदान 8 पॉइंट लागायचे, त्यातले 5 चॅसीचे, म्हणजे इथे फ्लोअरपॅनचे, आणि चॅसी कापलेली किंवा बदललेली चालायची नाही. सस्पेन्शन, अ‍ॅक्सल, गिअरबॉक्स, स्टिअरिंग यांचे दोन-दोन, इंजिनाचा फक्त 1. म्हणजे फ्लोअरपॅनला ग्राइंडर लावला की गणित बसायचं नाही, मग आयव्हीए टेस्ट (एकेका गाडीची सरकारी तपासणी) द्या आणि क्यू नंबर, म्हणजे मूळ किंवा वय नक्की नसलेल्या गाडीचा नंबर, लावून फिरा. नोव्हाची बॉडी बीटलच्या पूर्ण लांबीच्या पॅनवर बसते, कापावा लागत नाही, ही मोठी गोष्ट. मी पॅनवरचा नंबर घासून साफ केला, लॉगबुकशी जुळला, तेव्हाच पैसे दिले.

मग ठरवलं की पॅनला हात लावायचा नाही, बॉडीची एक रेषही बदलायची नाही, बाकी जे बदलेन ते उद्या कुणाला परत मूळचं करता आलं पाहिजे. पुढे डिस्क ब्रेक बसवले, बीटलच्याच पुढच्या मॉडेलचे. छताचा जुना हायड्रॉलिक रॅम गळत होता, त्याला नवीन सील घातले आणि पंपाचा दाब हातानेही सोडता येईल असा व्हॉल्व्ह जोडला, कारण बॅटरी बसली तर माणूस आतच अडकेल ना.

फायबरला ठिकठिकाणी ताऱ्यासारख्या भेगा होत्या. आधीच्या कुणीतरी नुसती पुट्टी भरून वर रंग मारला होता, तो सगळा खरवडला. भेग तळापर्यंत घासायची, मागून काचतंतूंची मॅट आणि रेझिनचा थर द्यायचा, मग वरून जेलकोट, म्हणजे बाहेरचा गुळगुळीत थर. जानेवारीत केलेला पहिला पॅच आठवडाभर चिकटच राहिला, थंडीत रेझिन धरत नाही, शेवटी हीटर लावून गॅरेज वीस डिग्रीच्या आसपास ठेवायला लागलो तेव्हा जमलं. वायरिंगमध्ये तीन वीकेंड गेले, आणि कारण अगदी साधं, फायबरला अर्थिंग नसतं! पत्र्याच्या गाडीत बॉडीच अर्थ असते, इथे प्रत्येक दिव्याची दुसरी वायर पॅनपर्यंत न्यावी लागते.

पण खरा त्रास गरम होण्याचा. 1600 सीसीचं ट्विन पोर्ट इंजिन बसवलं, ऑइल टेंपरेचरचा गेज लावला आणि पहिल्याच लांब फेरीत काटा 125 डिग्रीच्या वर. ऑइल कूलर मोठा करावा, की एक्स्ट्रा फॅन, की मागच्या झाकणाला भोकं पाडावीत असं सगळं डोक्यात चाललं होतं. बाबांना व्हिडिओ कॉल करून इंजिन दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "अरे, हवा कुठनं आत येतीया आन कुठनं भाईर जातीया ते बघ आधी. काय पण जोडू नगंस."

बरोबर तेच होतं. बीटलचं इंजिन हवेवर थंड होतं, वरून गार हवा ओढायची आणि खालून गरम सोडायची, मध्ये पत्र्याची आडवी भिंत. बीटलमध्ये ही भिंत रबराने बॉडीला घट्ट बसते, माझ्या गाडीत कडेने बोटभर फट होती. फॅन खालची गरम हवाच परत परत ओढत होता. कागदाचे साचे कापले, अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या केल्या, कडेला रबर लावलं. झाकणाला एकही भोक पाडलं नाही.

स्टोनलीचा किट कार शो मे महिन्याच्या पहिल्या बँक हॉलिडेला (सार्वजनिक सुट्टीला) होता. आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत पॉलिश करत होतो, सकाळी एम 69 मोटरवेने निघालो. छत उचललं की माणसं थांबायचीच, लहान पोरं तर पुन्हा उघडा पुन्हा उघडा. एक आजोबा आले, त्यांनी तरुणपणी अशीच एक बांधली होती, आत वाकून पट्ट्यांवरून हात फिरवला आणि रबर कुठून आणलं विचारलं. मी बाजूला मूळ स्टिअरिंग व्हील आणि जुन्या ब्रेकचे ड्रम मांडून ठेवले होते, ते बघून त्यांनी ड्रम फेकू नकोस असं दोनदा बजावलं.

संध्याकाळी परत येताना ट्रॅफिक लागला. घरी पोचल्यावर बाबांना फोन केला, त्यांनी शो कसा झाला हे नंतर विचारलं. आधी विचारलं, "काटा कुठं हुता?"

"पंच्याण्णव, बाबा. हललाच नाही."