तलवारींपेक्षा ढेकळं बरी

रविवार, रात्री उशिरा

भाच्याचा मेसेज होता. "मामा, अमॉन अमार्थ ऐकून झालं. व्हायकिंग बास. आता अँग्लो-सॅक्सनवाला पेगन बँड सांग."

अमॉन अमार्थ म्हणजे व्हायकिंगांवर गाणी करणारा मेटल बँड. आता त्याला हवेत अँग्लो-सॅक्सन, म्हणजे जुने इंग्रज, आणि तेही पेगन, म्हणजे ख्रिस्ती होण्याआधीचे. विंटरफिलेथ, असं लगेच लिहून टाकलं आणि मग स्वतःच ऐकत बसलो. ही मँचेस्टरची मंडळी. आपल्या संगीताला ते 'इंग्लिश हेरिटेज ब्लॅक मेटल' म्हणतात; ब्लॅक मेटल म्हणजे किंकाळ्या मारत गायचं, वेगवान, काळोखं मेटल. बँडचं नाव जुन्या इंग्रजी पंचांगातलं, ऑक्टोबरच्या महिन्याचं. गंमत अशी की हे पेगन महिने आपल्याला कळतात ते बीड नावाच्या ख्रिस्ती साधूमुळे. ७२५ मध्ये त्याने कालगणनेवर ग्रंथ लिहिला आणि त्यात आपल्या लोकांचे जुने महिनेही नोंदवून ठेवले. म्हणजे पेगनपणा शोधायला निघालं की वाट मठातूनच जाते.

भाच्याला सुरुवातीला २०१०चा 'द मर्शियन स्फिअर' ऐकायला सांगणार आहे. मर्शिया हे मध्य इंग्लंडमधलं जुनं राज्य. पहिल्याच गाण्याच्या नावात डार्क पीक येतं, मँचेस्टरजवळचं उघडंबोडकं पठार, आणि त्याला जोडून कृपेची वाट बघणारा एकटा माणूस. तो माणूस आलाय 'द वाँडरर' या जुन्या कवितेतून. धनी मेला, सोबती मेले, आणि हा थंडगार समुद्रावर वल्हं मारत भटकतोय. याच अल्बममध्ये 'द रुइन'ही आहे. त्या नावाच्या कवितेत सॅक्सन कवी पडक्या रोमन शहरासमोर उभा राहून म्हणतो, हे राक्षसांनी बांधलेलं काम. बहुतेक अभ्यासक ते शहर बाथ असावं असं मानतात. या दोन्ही कविता दहाव्या शतकातल्या एक्सिटर बुकात, म्हणजे जुन्या इंग्रजी कवितांच्या हस्तलिखित संग्रहात आहेत. ते हस्तलिखित आजही एक्सिटरच्या कॅथेड्रलमध्ये आहे, आणि पडझडीवरच्या त्या कवितेची पानंच जळून भोकं पडलेली आहेत! असं कुणी मुद्दाम रचलं असतं तर फारच नाटकी वाटलं असतं.

भाच्याला हवी आहे लढाई. इथे लढाईपेक्षा लढाईनंतरचं उरलेपण जास्त आहे. मला हेच आवडतं. शिंगांचं शिरस्त्राण घालून मद्याचे पेले उंचावणारं पेगन मेटल तिसऱ्या गाण्यात कंटाळा आणतं.

मग २०१८चा 'द हॅलोइंग ऑफ हेअरडम' लावला. पूर्ण अकूस्टिक, किंकाळ्या नाहीत. त्यात 'एकरबॉट' नावाचा तुकडा आहे. एकरबॉट म्हणजे नापीक झालेल्या शेतावरचा जुना इंग्रजी तोडगा. सूर्योदयाआधी शेताच्या चारी बाजूंची चार ढेकळं गवतासकट कापायची, त्यांवर तेल, मध, यीस्ट आणि सगळ्या गुराढोरांचं दूध घालायचं. मग ती चर्चमध्ये नेऊन, हिरवी बाजू वेदीकडे करून, पाद्र्याकडून प्रार्थना म्हणवून घ्यायच्या आणि सूर्यास्ताआधी परत जागच्या जागी बसवायची. पुढे नांगर धरताना हाक मात्र धरणीमातेला! हे वाचल्यापासून मला आमच्या लातूरकडची येळवस, म्हणजे वेळ अमावास्येचा शेतातला सण आठवतो, शेतभर आंबील शिंपडत फिरणारे काका आठवतात. त्या लोकांशी आपलं काही नातं आहे असा दावा नाही. शेतकऱ्याची काळजी तेवढी ओळखीची वाटते.

एक गोष्ट भाच्याला स्पष्ट लिहायला हवी. पूर्वजांचा अभिमान आणि ब्लॅक मेटल एकत्र दिसले की आधी बँडची माहिती काढायची. या वर्तुळात उघड वंशद्वेषी बँड आहेत आणि त्यांचीही कव्हरं जंगलं-डोंगरांचीच असतात. चाल चांगली आहे म्हणून ते चालवून घ्यायचं नाही.

किंकाळ्या सोसल्याच नाहीत तर फोरफादर ऐकायला सांगेन. सरे परगण्यातले दोन भाऊ, वुल्फस्टन आणि अ‍ॅथेलस्टन या टोपणनावांनी सगळं दोघंच करतात. चाली गुणगुणता येतात आणि लढायाही मिळतात. २००८च्या 'स्टेडफास्ट'मध्ये ब्रुननबुर्हवर गाणं आहे, ९३७ मधल्या त्या मोठ्या लढाईवर. तिथे जिंकलेल्या राजाचं नावही अ‍ॅथेलस्टनच. भाच्याचं समाधान बहुधा इथेच होईल.

आणि हेडफोन लावून ऐक म्हणावं. मोबाइलच्या स्पीकरवर विंटरफिलेथची गिटार म्हणजे शेजारच्या घरातला मिक्सर.