कुठली पीअरलेस?

उद्या लेकीचा काँट्रॅक्ट लॉचा पेपर. संध्याकाळी म्हणाली, "बाबा, मी केस सांगते, तुम्ही फक्त ऐका." मांडीवर नोट्सचा गठ्ठा, त्यावर पिवळ्या हायलायटरचे फराटे. म्हटलं, बोल.

रॅफल्स विरुद्ध विचेलहाउस, इंग्लंडमधली १८६४ची केस. सुरती कापसाच्या १२५ गासड्या, 'मुंबईहून येणाऱ्या पीअरलेस जहाजातून', लिव्हरपूलला. गंमत अशी की मुंबईहून पीअरलेस नावाची दोन जहाजं निघालेली. एक ऑक्टोबरात, दुसरं डिसेंबरात. घेणाऱ्याच्या मनात पहिलं, विकणाऱ्याचा माल दुसऱ्यात. उशिरा आलेला माल घेणाऱ्याने नाकारला आणि प्रकरण कोर्टात गेलं. निकाल घेणाऱ्याच्या बाजूने लागला, पण न्यायाधीशांनी कारणच दिलं नाही! प्राध्यापक मंडळी अजून त्यावर वाद घालतायत. आपल्या १८७२च्या करार कायद्याचं कलम १३ त्यामानाने सरळ: दोघांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य केली तरच संमती.

मी मात्र त्या दोन महिन्यांत अडकलो. अमेरिकेत तेव्हा यादवी पेटलेली, तिकडचा कापूस अडलेला, मुंबईच्या गासडीला सोन्याचा भाव. तो भावही रोज वरखाली. अशा बाजारात ऑक्टोबर आणि डिसेंबर म्हणजे काय सारखेच? इतकी वर्षं मुंबईत हार्बर लोकलने जाताना कॉटन ग्रीन स्टेशन लागतं, पण त्या नावातला कापूस मला आज दिसला.

हे सगळं उत्साहाने लेकीला ऐकवलं. ती म्हणाली, "बाबा, भाव पेपरात विचारत नाहीत. चहा गार झालाय, परत गरम करून आणा."