साठ टक्क्यांवर अडलेला आलेख

बाहेरच्या एका गटाने फ्रीझ-ड्राय केलेली (गोठवून वाळवलेली) पेप्टाइडची, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीची, पूड पाठवली होती. त्यात खुणेसाठी, म्हणजे लेबल म्हणून, दोन जड समस्थानिकं घातलेली: एका कार्बोनिलमध्ये (C=O गटात) कार्बन-१३ आणि साखळीत थोडा पुढे नायट्रोजन-१५. "दोघांतलं अंतर तेवढं मोजून द्या, पेपर अडलाय." अंतर म्हणजे फूटपट्टी लावून वाचायची गोष्ट, असंच सगळ्यांना वाटतं.

घन पदार्थांच्या एनएमआरमध्ये, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रांचा सिग्नल वाचण्याच्या तंत्रात, असं अंतर काढायला आम्ही वापरतो ती रेडॉर पद्धत गुलियन आणि शेफर यांनी १९८९ मध्ये मांडली. नमुना भरलेला रोटर (छोटी नळी) चुंबकीय क्षेत्राशी ५४.७ अंशांच्या कोनात सेकंदाला १०,००० वेळा फिरवला की स्पेक्ट्रममधल्या रेषा बारीक होतात, पण दोन अणुकेंद्रांमधलं चुंबकीय नातंही पुसलं जातं. म्हणून दर फेरीत रेडिओलहरींच्या दोन पल्स मारून ते परत जागवायचं आणि कार्बनचा सिग्नल किती घटतो ते पाहायचं. हे नातं अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतं. दीड अँगस्ट्रॉमवर (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग) ते सुमारे ९०० हर्ट्‌झ असतं, साडेचारवर जेमतेम ३४. एवढं क्षीण नातं दिसायला ४५ मिलिसेकंद थांबावं लागतं, म्हणजे ९०० पल्स. प्रत्येकीतली बारीकशी चूकही साचत जाते. त्यामुळे कोनाच्या बाबतीत मी हट्टी आहे. पोटॅशियम ब्रोमाइडचा रोटर लावून, ब्रोमिनच्या सिग्नलचे प्रतिध्वनी १० मिलिसेकंदांपर्यंत टिकेपर्यंत मी कोनाचा स्क्रू केसाकेसाने फिरवते. घाईत हे टाळणारे लोक पाहिले की जीव तुटतो.

सिग्नलच्या घटीच्या आलेखाची सुरुवात साडेचार अँगस्ट्रॉमला चपखल बसत होती. घट मात्र साठ टक्क्यांच्या आसपास येऊन थांबली. अणूंची एकच जोडी असेल तर ती जवळजवळ शंभरावर जायला हवी. आधी यंत्रावर संशय घेतला. साधं ग्लायसिन (एक अमिनो आम्ल) मिसळून विरळ केलेलं लेबलचं ग्लायसिन लावलं, तर ठरलेले अडीच अँगस्ट्रॉम आले. नायट्रोजनचं लेबल अपुरं म्हणावं, तर मास स्पेक्ट्रममध्ये (रेणूंचं वजन दाखवणाऱ्या चाचणीत) ते जवळपास पूर्ण होतं.

"स्केलिंग फॅक्टर लाव आणि पाठव," सहकारी म्हणाला. म्हणजे गणिती वक्र एका आकड्याने गुणून साठ टक्क्यांवर बसवायचा. असं सर्रास चालतं आणि मला ते पटत नाही. फॅक्टर लावला की वक्र सुरेख बसतो, पण उरलेले चाळीस टक्के रेणू कागदावरून नाहीसे होतात. फ्रीझ-ड्राय करताना रेणू वेगवेगळ्या आकारांत गोठतात. माझ्या मते ते चाळीस टक्के पसरलेल्या आकारात आहेत, सहा-सात अँगस्ट्रॉमच्या पलीकडे. तिथपर्यंत पोचायला आणखी थांबावं, तर कार्बनचा सिग्नलच विरून जातो.

मी फॅक्टर न लावता आलेख पाठवला आणि लिहिलं, "हे अंतर साठ टक्के रेणूंचं आहे." उत्तर आलं, "रिव्ह्यूअरला एकच आकडा हवा असतो."

नायट्रोजनऐवजी फ्लोरीन घातला तर तेवढंच नातं साधारण दुप्पट अंतरावर, १० अँगस्ट्रॉमच्या आसपासही मोजता येईल. तसा नमुना मी मागितला आहे. पण फ्लोरीन आला म्हणून पेप्टाइडच वेगळ्या तऱ्हेने दुमडलं, तर त्या चाळीस टक्क्यांबद्दल मला काय कळणार, याचं उत्तर अजून माझ्यापाशी नाही.