वहिनींच्या संगणकाची की

वडोदऱ्यात दांडिया बाजारात राहणाऱ्या माझ्या वहिनींनी शिकवणीसाठी जुना संगणक घेतला, तेव्हा विक्रेत्याने कागदावर लिहून दिलेली विंडोजची २५ अक्षरांची की, म्हणजे विंडोज सक्रिय करण्याचा संकेत, काही महिन्यांतच अमान्य ठरली. की ही केवळ खूण असते, वापराचा हक्क परवान्याच्या अटींतून मिळतो, हे मला त्या वेळी नीट उमगले. ओईएम परवाना, म्हणजे संगणक बनवणाऱ्या कंपनीने यंत्रातच घालून दिलेला परवाना, ज्या यंत्रासोबत येतो त्याच यंत्राशी बांधलेला राहतो. ग्राहकाने स्वतंत्रपणे विकत घेतलेला रिटेल परवाना मात्र जुन्या यंत्रावरून काढून नव्यावर नेता येतो, म्हणून महाग असूनही तो मला अधिक न्याय्य वाटतो. वहिनींच्या माथी मारलेली की एखाद्या संस्थेच्या व्हॉल्यूम परवान्याची, म्हणजे अनेक संगणकांसाठी एकत्र घेतलेल्या परवान्याची होती, आणि तशा की सुट्या विकण्यास अटींतच मनाई असते. अखेर आम्ही रिटेल परवाना घेतला. प्रश्नपत्रिकांसाठी २०१० साली सुरू झालेले, मुक्त परवान्याचे लिब्रेऑफिस हे मजकूर लिहिण्याचे व कार्यालयीन कामांचे सॉफ्टवेअर बसवले, ज्याला कोणतीही की लागत नाही.