प्रचाराला का गेला नाहीत?

निवडणूक जवळ आली की तरुण शिक्षक मला हटकून एकच प्रश्न विचारतात : "सर, संस्थेचे अध्यक्ष उमेदवार असताना तुम्ही प्रचाराला का गेला नाहीत, आणि आम्हाला बोलावणे आले तर आम्ही काय करावे?" तुम्ही विचारलेत म्हणून सविस्तर लिहितो.

परभणी जिल्ह्यातील एका अनुदानित माध्यमिक शाळेत मी 27 वर्षे गणित शिकवले. अध्यक्षांना माझा विरोध नव्हता. जिथे सातवीनंतर मुलींचे शिक्षण थांबत असे, त्या गावात त्यांनी दहावीपर्यंतचे वर्ग आणले, आणि म्हणूनच त्यांच्या पहिल्या निवडणुकीत मी कोणी न सांगता रविवारी सायकलवरून वाड्या-तांडे पालथे घातले होते. दुसऱ्या निवडणुकीत मात्र मुख्याध्यापकांच्या टेबलावर एक वही आली. तीत शिक्षकाचे नाव, नेमून दिलेले गाव, बूथ क्रमांक आणि रोज संध्याकाळी करायच्या सहीचा रकाना होता. मी सही केली नाही.

पाठिंब्याची हजेरी लागू लागल्यावर माझा मनापासूनचा पाठिंबा आणि एखाद्या सहकाऱ्याने भीतीपोटी दिलेला पाठिंबा यांतला फरक कोणाला दाखवण्याची सोयच उरली नव्हती. भीतीपोटी गेलेल्या अशाच एका सहकाऱ्याला एका म्हाताऱ्या पालकाने ओसरीवर बसवून घेतले आणि म्हटले, "गुरुजी, तुम्हाला यावंच लागतंय, आम्हाला कळतंय. चहा घ्या अन् जा." ज्याच्या नातवाला आपण शिकवतो, त्याने आपल्या शब्दाची अशी कीव करावी, याचे मला तेव्हा फार वाईट वाटले आणि आजही वाटते.

अनुदानित शाळेत पगार शासन देते, पण नेमणूक संस्था करते, आणि ही सक्ती त्याच फटीत वाढते. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे विद्यार्थिसंख्येवरून शिक्षकांची पदे मंजूर होताना, कोणीतरी अतिरिक्त ठरतो. ज्याच्या नेमणुकीला शिक्षण विभागाची वैयक्तिक मान्यता अजून आलेली नाही, त्याला तर "नाही" हा शब्द उच्चारणेही अवघड असते. शिवाय एकेकट्याचे मत गुप्त असले तरी मतदान केंद्राचा आकडा गुप्त नसतो. मतमोजणी केंद्रनिहाय होत असल्याने लहान गावाने कोणाला किती मते दिली हे उघड कळते, आणि ते गाव ज्या शिक्षकाकडे सोपवले होते त्याला जाब विचारला जातो. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांविषयीच्या 1977 च्या कायद्यातील कलम 9 प्रमाणे बडतर्फी किंवा पदावनतीविरुद्ध 30 दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. बदलीचा मात्र त्या कलमात उल्लेख नाही, आणि शिक्षा बहुधा बदलीच्याच रूपाने येते. मलाही पुढच्या जूनमध्ये 60 किलोमीटरवरच्या शाखेत पाठवले गेले, आणि तीन वर्षे मी पहाटेच्या एसटीने ये-जा केली.

काही जण स्वामी रामानंद तीर्थांचा दाखला देतात. हिप्परग्याला आणि पुढे अंबाजोगाईला ते मुख्याध्यापकच होते, 1938 मध्ये निजामाच्या राज्यात सत्याग्रह करून तुरुंगात गेले, मग शिक्षकाने राजकारणापासून दूर का राहावे, असे ते विचारतात. दूर राहावे असे मी म्हणतच नाही. परंतु स्वामीजींना कोणी वहीत सही करायला लावून पाठवले नव्हते. त्यांनी शाळा मागे ठेवून, स्वतःच्या निर्णयाने, सत्तेच्या विरोधात पाऊल टाकले होते. धाकाने बाहेर पडणाऱ्या शिक्षकाला त्यांचे नाव सांगून धीर देणे मला त्यांच्यावर अन्याय करण्यासारखे वाटते.

आणखी एक गोष्ट संस्थाचालक सोयीस्करपणे विसरतात. आपल्यापैकी अनेकांना मतदान केंद्रावर ड्यूटी लागते, आणि 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातील कलम 26 प्रमाणे उमेदवारासाठी काम केलेल्या व्यक्तीला मतदान अधिकारी नेमता येत नाही. वहीत सही करणारा शिक्षक त्याच निवडणुकीत केंद्रावर बसला, तर रांगेत उभ्या असलेल्या गावाने त्याच्यावर कसा विश्वास ठेवावा?

तेव्हा, बोलावणे आले तर तोंडी वाद घालू नका. आपण का येऊ शकत नाही ते मुख्याध्यापकांना चार ओळींत लेखी कळवा, निवडणुकीची ड्यूटी असेल तर त्या आदेशाची प्रत जोडा, आणि पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. माझ्या पत्राची पोच मी अजून जपून ठेवली आहे. कोणाला नमुना हवा असेल तर घरी येऊन पाहावा.