मार्चच्या बाळासाठी कोणता धागा?

भाचीला मार्चमध्ये बाळ होणार आहे आणि बाळंतविड्यातलं सगळं विणकाम माझ्याकडे आलंय. सासर नागपूरचं. म्हणजे बाळ दोन महिन्यांचं होतंय तोवर बाहेर 45 अंश! आजवर मी बाळासाठी म्हटलं की बेबी वूलच आणायचे. नावात वूल असलं तरी ते बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिकच. रंग गोड, धुवायला सोपं, पण घाम अजिबात टिपत नाही. मे महिन्यात त्या इवल्या अंगावर ते घालायची कल्पनाच मला सहन होईना.

म्हणून या वेळी दिवाळी झाल्या झाल्या तुळशीबागेत गेले आणि लोकरीकडे न बघता फक्त सुती आणि बांबूचे गुंडे घेऊन आले.

बांबूचा धागा हातात घेतला की सोडवत नाही, इतका गार आणि झुळझुळीत. पण तो बांबूचा लगदा विरघळवून काढलेला व्हिस्कोस असतो. ओला झाला की जड होतो आणि लोकरीसारखा परत आखडत नाही. गेल्या उन्हाळ्यात स्वतःसाठी विणलेलं जाकीट मी धुऊन दोरीवर टाकलं, ते चार बोटं लांब झालं ते झालंच. बांबू नेहमी टॉवेलवर आडवा पसरून वाळवायचा. बाळाचे कपडे रोज धुतले जाणार, तेव्हा एवढे लाड कोण करणार? बांबू बाद.

राहिलं सूत. चार पदरी सूत घेतलं, 10 नंबरच्या सुया, आणि आधी नमुना, म्हणजे मापासाठी विणलेला छोटा तुकडा. नमुन्याचा कंटाळा करू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतेय. माझे 24 टाके आणि 32 ओळी बरोबर 10 सेंमी भरल्या. गरम पाण्यात धुतल्यावर रुंदी तीच राहिली, उंची मात्र अर्धा सेंटिमीटर आटली. मग कुंचीच्या उंचीत तेवढ्या हिशोबाने ओळी वाढवल्या. आणखी एक गोष्ट: सूत ताणलं की लोकरीसारखं परत जागेवर येत नाही. एक सुलट एक उलटची पट्टी लोकरीत डोक्याला छान धरून बसते, सुतात ती सैल पडते. त्यामुळे टोपड्याला पट्टीच्या भरवशावर न राहता बंद लावायचे. कुंची सगळी सुलट टाक्यांची करतेय, म्हणजे कडा वळत नाहीत.

आता ज्याच्यासाठी खरं तर हे लिहायला बसले, तो धागा. एरी! मैत्रिणीने गुवाहाटीहून एक लडी आणून दिली. रेशीम म्हटल्यावर मी चकाकीची वाट बघत होते, तर हा सायीच्या रंगाचा, मंद, मध्येच जाड मध्येच बारीक. एरी म्हणजे आपला एरंड; ही अळी एरंडाची पानं खाते. तिच्या कोषाचं एक तोंड उघडं असतं, त्यामुळे त्यातून सलग तार निघत नाही, कापसासारखं सूत कातावं लागतं. म्हणूनच त्याला तो किंचित लोकरीसारखा फुगीरपणा येतो. 8 नंबरच्या सुयांवर चार ओळी विणल्या आणि तुकडा गालाला लावून पाहिला. ऊब आहे, पण टोचत नाही, आणि पुण्याच्या दुपारीही हातात गरम वाटला नाही. आपल्याकडच्या हिवाळ्यात पहाटे कुडकुडायचं आणि दुपारी घामेजायचं, त्याला इतका जुळणारा धागा मी अजून पाहिला नव्हता.

लडी एकच आहे, त्यात शाल होणार नाही. पण बाळंतिणीला कान बांधायला तिकोनी रुमाल नक्की होईल. बाळंतविड्यात सगळं बाळाचंच असतं, भाचीसाठीही काहीतरी हवंच ना.

लडीचा गुंडा अजून करायचाय. संध्याकाळी ह्यांना समोर बसवून दोन्ही हात पुढे करायला सांगणार आहे.