मिरचीच्या देठांचं विरजण : आमची वाटचाल

बेळगावच्या वडगावातलं आमचं घर म्हणजे पुढे दोन खोल्या आणि मागे मागाची शेड. चार पावरलूम. माग चालू असले की ताटातल्या आमटीवरसुद्धा बारीक लाटा उठायच्या. मार्च 2020 मध्ये ते बंद पडले. सूत येईना, साडी जाईना. घरात इतकी शांतता झाली की रात्री झोप लागेना. त्याच शेडमध्ये आज आमचं स्वयंपाकघर आहे. रोज एकशे चाळीस डबे तिथून निघतात आणि त्यातल्या एकाही डब्यात दूध, दही, तूप, लोणी, मध यातलं काही नसतं. मांस-अंडं तर नाहीच.

त्या मार्चमध्ये घरात काय होतं ते मला नीट आठवतं. माहेरहून, म्हणजे हुक्केरी तालुक्यातून आलेलं ज्वारीचं पोतं, पायलीभर हुलगे, दहा किलो शेंगदाणे आणि संकेश्वरी मिरचीची एक पिशवी. खाणारी तोंडं सहा. सगळ्यात आधी दुधाचा रतीब बंद केला. रोजचं दीड लिटर. त्यातून जे वाचलं त्यात तेल आणि गॅस भागला.

घरात सगळ्यांना त्याचं वाईट वाटलं. मला वाटलं नाही, आणि त्याचं कारण मी तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं. मी दहा-अकरा वर्षांची असताना माहेरी आमच्या म्हशीचं पारडू दगावलं. म्हैस आटायला लागली. मग त्या पारडाच्या कातड्यात पेंढा भरून, काठ्यांवर उभं करून ते धारेच्या वेळी तिच्यापुढे ठेवायचे. ती त्याला चाटायची आणि पान्हा सोडायची. तिच्या जिभेने त्या कातड्यावरचे केस जागोजागी गेले होते. बादली धरायचं काम माझ्याकडे होतं. वडिलांना मी दोष देत नाही. डोक्यावर सोसायटीचं कर्ज होतं, आमच्या वह्या-पुस्तकं त्या दुधावर यायची. पण ते दूध माझ्या घशाखाली कधी सरळ उतरलं नाही.

दूध बंद झाल्यावर आठवडाभराने मी सासूबाईंना भीत भीत विचारलं, की आता कायमचंच नको का घ्यायला? त्या हुलगे निवडत होत्या. म्हणाल्या, "अगं, ह्यात नवं काय हाय? आमच्या घरात दूध इकायला होतं, खायाला न्हवतं."

त्यांच्या लहानपणचं जेवण त्या दिवशी त्यांनी एकेक करून सांगितलं. सकाळी भाकरी आणि शेंगाचटणी. दुपारी हुलग्याचं माडगं, नाहीतर अंबाडीची भाजी, तिला आमच्या कन्नड शेजारणी पुंडी पल्ले म्हणतात. रात्री झुणका, कच्ची मेथी, मुळा, कांदा. सणाला शेंगदाण्याची पोळी. मला त्या ऐकण्यातून एकच गोष्ट कळली, की आमच्या भागातल्या गरिबाच्या ताटात दूध असं फारसं नव्हतंच. ते आलं आपल्याला चार पैसे बरे मिळायला लागल्यावर. मग ते सोडलं तर ताट रिकामं का व्हावं?

पावसाळ्यात उद्यमबागचे कारखाने हळूहळू सुरू झाले. यांचे एक मित्र तिथे लेथवर आहेत. खानावळी बंद असल्यामुळे ते आणि त्यांच्याबरोबरचे सहाजण दुपारी बिस्किटं खाऊन काढत होते. आम्ही सात डबे दिले. दोन भाकऱ्या, मोडाच्या मटकीची उसळ, एक पालेभाजी, चटणी, कांदा, लिंबाची फोड. चाळीस रुपये. "व्हीगन", म्हणजे जनावरापासून आलेलं काहीच न खाणारा, हा शब्द तेव्हा मला माहीतही नव्हता. आम्ही सरळ सांगायचो की डब्यात दूध-तूप नसतं, कुणाला दही हवं असेल तर त्यांनी त्यांचं आणावं. सातांपैकी एकानेही आणलं नाही.

स्वस्तात चांगलं जेवण कसं बसवता, हे आजही लोक विचारतात. आमच्या वहीत जे आहे ते सांगते. एक किलो मटकी भिजवून मोड आणले की दोन-सव्वादोन किलो होते. एक किलो ज्वारीच्या पिठाच्या आमच्या मापाने बारा भाकऱ्या होतात. कडधान्य आम्ही सुगीनंतर एकदम भरतो, उन्हं देऊन, कडुनिंबाचा पाला घालून. भाजी हंगामाची आणि जवारी, म्हणजे गावठी, ज्या आठवड्यात जी उतरली ती. टोमॅटो महागला की आम्ही रडत बसत नाही, चिंच आणि आमसूल आहे. तेल घाण्याचं घेतो, शेंगदाण्याचं, ते लागतंही कमी. पनीर, मशरूम, बदामाचं दूध असल्या वस्तू आमच्या स्वयंपाकघरात कधी आल्याच नाहीत.

चटणी मात्र आम्ही मन लावून करतो. शेंगाची, कारळाची, जवसाची. कारळं मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायचं, एक क्षण जास्त झाला की कडू. लसूण सालासकट. मिरची निम्मी संकेश्वरी तिखटासाठी, निम्मी ब्याडगी रंगासाठी. मिक्सरला लावली की तेल सुटून गोळा होतो, म्हणून अजूनही उखळात कुटतो. आमच्याकडे कामाला असलेल्या तीन बायकांपैकी दोघी पूर्वी मागाच्या कांड्या भरायच्या. त्यांच्या हातांना लय माहीत आहे.

"व्हीगन" हा शब्द आम्हाला एका विद्यार्थिनीने दिला. ती इंजिनिअरिंगला होती, दूध-दही सोडलेलं, आणि हॉस्टेलच्या मेसमध्ये रोज कोरडा भात खात होती. तिने आमचा डबा लावला. महिन्याने म्हणाली, "काकू, सगळं आहे, फक्त भाताबरोबर काहीतरी आंबट-गार हवं होतं." तिनेच सांगितलं की शेंगदाण्याच्या दुधाचं दही लागतं, आणि विरजण म्हणून हिरव्या मिरचीची देठं चालतात. देठावर आंबवणारे जिवाणू असतातच. मला खरं वाटलं नाही.

केलं तसं सांगते. शेंगदाणे आठ तास भिजवले, चोळून सालं काढली. एक किलो दाण्यांना चार लिटर पाणी घालून गुळगुळीत वाटलं आणि धोतराच्या सुती फडक्यातून गाळलं. मंद आचेवर सतत ढवळत उकळलं, ते दुधासारखंच उतू जातं. मग बोट घालून ऊब लागेल इतपत निवू दिलं. त्यात लिटरला दहा-बारा मिरच्या देठांसकट सोडल्या आणि झाकून ठेवलं. पहिल्या दिवशी पाणी वेगळं, चोथा वेगळा. दुसऱ्या दिवशी तेच. बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात ते उगाच नाही, डिसेंबरचा गारठा होता. सासूबाईंनी पातेलं घोंगडीत गुंडाळलं आणि चुलीच्या उबेला ठेवलं. पहाटे साडेचारला झाकण उचललं तर वरून सायीसारखं दिसत होतं. पातेलं कलंडलं, हललं नाही. मी यांना उठवून दाखवलं. पहिलं विरजण जरा पातळच असतं, आणि त्याला शेंगदाण्याचा वास असतो. त्यातलंच चमचाभर घेऊन दुसरं लावलं की घट्ट आणि स्वच्छ आंबट लागतं. किलोभर दाण्यात साडेतीन लिटरच्या आसपास होतं. तेव्हाच्या भावाने ते विकतच्या दह्याच्या निम्म्याने पडलं. चोथा वाया जात नाही, कांदा-कोथिंबीर घालून थालीपिठात जातो.

सोयाबीनचं आम्हाला इतकं जमलं नाही. खरं तर आमच्या जिल्ह्यात सोयाबीन भरपूर पिकतं, शेताच्या बांधावरून आणता येतं. पण त्याचा कच्चट वास गिऱ्हाइकांना चालेना. भिजवलेले दाणे कढत पाण्यात वाटले तर तो वास बराच जातो, आणि नंतर चांगली वीस मिनिटं उकळावं लागतं, कच्चं पोटाला बाधतं. लिंबू पिळून फाडलं की त्याचं पनीरसारखं होतं. ते आम्ही आठवड्यातून एकदाच, शुक्रवारी, वांग्याच्या रश्श्यात घालतो.

2022 च्या पावसाळ्यात आम्ही बुडता बुडता वाचलो. एका व्यापाऱ्याकडून साठ किलो शेंगदाणे किलोमागे पंधरा रुपये स्वस्त मिळाले म्हणून घेतले. वर चांगले, पोत्याच्या मध्यावर सुरकुतलेले, काहींवर हिरवट बुरशी. हे म्हणाले, निवडून वापरू, भाजल्यावर काय राहतंय? माझ्याही मनात तेच होतं. पण त्या विद्यार्थिनीने सांगितलं की ओल्या दाण्यांवरच्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते यकृताला घातक असतं आणि घरच्या भाजण्या-उकळण्याने जात नाही. साठच्या साठ किलो शेडमागे खड्डा काढून पुरले. त्या महिन्यात बायकांची मजुरी द्यायला माझी बोरमाळ गहाण ठेवली. व्यापाऱ्याने पैसे परत केले नाहीत. तेव्हापासून दाणे शेंगांमध्येच घेतो, आणि रोज संध्याकाळी दिव्याखाली परातीत पसरून चौघी मिळून निवडतो. तो आमच्या कामातला सगळ्यात शांत तास असतो.

अन्न व्यवसायाची सरकारी नोंदणी आम्ही डबे सुरू केल्यावर लगेच करून घेतली. तेव्हा बारा लाखांच्या आतल्या उलाढालीला वर्षाला शंभर रुपये फी होती, त्यासाठी कुणी घाबरू नये. लेबलचं मात्र शिकावं लागलं. दुधाचं नसलेल्या पदार्थाला पाकिटावर दही, दूध असं म्हणता येत नाही. आमच्या पहिल्या दोनशे डब्यांवर "शेंगदाण्याचं दही" छापलं होतं, ते कागद चुलीत गेले. आता "शेंगा विरजण" लिहितो. 2022 मध्ये व्हीगन पदार्थांचे वेगळे नियम आले, हिरव्या इंग्रजी व्ही (V) अक्षराचं चिन्ह आलं. त्याची मंजुरी आम्ही अजून घेतलेली नाही, म्हणून ते चिन्ह आणि तो शब्द आम्ही पाकिटावर वापरत नाही. आत काय आहे ते फक्त स्पष्ट लिहितो.

तेही दोन्ही भाषांत, मराठी आणि कन्नड. हुलगे तिकडे हुरळी होतात, ज्वारी जोळ होते, जवसाला अगसी म्हणतात, कारळाला गुरेळ्ळु. शेंगा मात्र दोन्हीकडे शेंगाच, आणि चटणीही चटणीच. शहापूरच्या एका दुकानात एक कन्नड आजी आमचं पाकीट वाचून म्हणाल्या होत्या, "हे तर आमचंच." मी म्हटलं, अक्का, खरंय.

एक गोष्ट आम्ही नव्या गिऱ्हाइकाला न विचारता सांगतो. दूध-मांस पूर्ण सोडलं तर बी12 चं काय ते बघा. ते भाकरी-भाजीतून मिळत नाही, डॉक्टरांना विचारून गोळी घ्या. मी स्वतः घेते. कॅल्शियमला नाचणी आणि तीळ आहेत, म्हणून थंडीत डब्यात नाचणीची भाकरी असते. लिंबाची फोड शोभेला नसते, तिच्यामुळे कडधान्य-पाल्यातलं लोह अंगी लागतं. आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका, तो उलटं करतो. उद्यमबागेतल्या मंडळींना हे शेवटचं अजून पटलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी बेंगळुरूच्या एका दुकानदाराने चटण्या मागितल्या. काचेच्या बरण्या, इंग्रजी नाव, भाव चौपट. माल सगळाच त्यांना द्यायचा होता. हे दोन रात्री झोपले नाहीत, कारण मागावरचं कर्ज अजून फिटायचं होतं. मी नाही म्हटलं. माझ्या चटणीचं पाकीट शेजारच्या मागवाल्याला परवडलं पाहिजे. ज्याच्या घरी रतीब बंद झाला त्याच्यासाठी हे सुरू झालं, त्यालाच घेता येणार नसेल तर मी ते करायचं कशाला? डबा आज साठ रुपयांना आहे. तो पन्नासवर होता तेव्हा आम्ही सगळ्या गिऱ्हाइकांना खर्चाची वही दाखवली आणि मगच वाढवला. कर्जाचे तीन हप्ते राहिले आहेत.

सणावारी घरात अडचण यायची. पंचामृताला दूध-दही लागतं, पुरणपोळीवर तुपाची धार. सासूबाईंच्या देवघरात मी हात घातलेला नाही, ती त्यांची जागा आहे. गेल्या संक्रांतीला मात्र त्यांनी आपणहून शेंगदाण्याच्या पोळीवर घाण्याचं तेल सोडून नैवेद्य दाखवला. मी काही बोलले नाही, त्याही बोलल्या नाहीत.

विरजणाचं खातं आता पूर्ण त्यांच्याकडे आहे. रोज रात्री त्या दुसऱ्या दिवसासाठी एक वाटी बाजूला काढतात, वर झाकण, झाकणावर लिंबू. डिसेंबर 2020 पासून ते मोडलेलं नाही. गेल्या महिन्यात निपाणीच्या थोरल्या जाऊबाईंनी ते मागितलं. त्यांच्याकडे पुन्हा दुधाचा खर्च झेपेनासा झालाय. सासूबाईंनी स्टीलच्या कडीच्या डब्यात ते घालून, फडक्यात बांधून, भाच्याबरोबर बसने पाठवलं. उबेला कुठे ठेवायचं, किती वेळ हलवायचं नाही, हे त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही भाकऱ्या थापत होतो तेव्हा फोन वाजला. पिठाचे हात तसेच धरून सासूबाईंनी तो स्पीकरवर ठेवायला सांगितला. पलीकडून जाऊबाई एवढंच म्हणाल्या, "आत्या, लागलं बघा."